मिशेलिनच्या रेडियल टायरने नेमकं काय बदललं? आणि मुंबईत टायर घेताना त्याचा काय उपयोग?

मुलुंड_चेकनाका

मंडळी, टायरच्या इतिहासावर मराठीत काही शोधलं की मिशेलिनबद्दल दोनच गोष्टी हाती लागतात: तो टायरांचा गुबगुबीत पांढरा माणूस आणि हॉटेलांना मिळणारे तारे. ‘१९४६ साली रेडियल टायरचा शोध लावला’ हे वाक्यही सगळीकडे आहे, पण त्याच्या पुढे कोणी जात नाही.

आधीच्या टायरमध्ये अडचण काय होती आणि रेडियलने ती कशी सोडवली? इतकी चांगली गोष्ट होती तर बाकीच्या कंपन्यांना ती उचलायला वीस-पंचवीस वर्षं का लागली? आणि ‘ग्रीन टायर’ म्हणतात त्यात हिरवं नक्की काय असतं?

विचारायचं कारण व्यवहारीही आहे. हॅचबॅकचे टायर बदलायचे आहेत, माप १६५/८० आर १४. रोजचा रस्ता मुलुंड ते बीकेसी. खड्डे आणि पावसाळा धरून काय बघून घ्यावं, तेही जाणकारांनी सांगावं.

जुनी_चाकं

आधी जुना टायर समजून घ्या. ट्रकवाले ज्याला ‘नायलॉन टायर’ म्हणतात तो बायस-प्लाय. त्यात दोऱ्यांचे थर एका बीडपासून (बीड म्हणजे टायरची रिमला बसणारी तारेची कड) दुसऱ्या बीडपर्यंत तिरके जातात. एक थर डावीकडे कललेला, त्यावरचा उजवीकडे. टायरच्या मधल्या रेषेशी त्यांचा कोन साधारण ३० ते ४० अंशांचा. हेच थर साइडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत असतात आणि हेच ट्रेडखालीही, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या रबराखालीही असतात. त्यामुळे साइडवॉल वाकली की ट्रेडला स्वस्थ बसता येत नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात जमिनीला टेकलेला भाग दबतो, थर कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर सरकतात आणि ट्रेड रस्त्यावर किंचित घासतो. घासण्याने झीज होते, सरकण्याने उष्णता तयार होते. जास्त वजनासाठी थर वाढवले की टायर जाड होतो आणि ती उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. ट्रकचे टायर फुटायचे त्याचं हे मोठं कारण.

मिशेलिनचा मारियुस मिन्योल या उष्णतेच्या मागे लागला. हा माणूस कंपनीच्या छापखान्यात कामाला लागलेला, रीतसर इंजिनिअर नव्हे. उष्णता थरांच्या सरकण्यातून किती येते हे वेगळं काढायचं, म्हणून साइडवॉलमधलं सगळं कापड काढून टाकलं आणि त्या जागी एका बीडपासून दुसऱ्या बीडपर्यंत सरळ आडव्या, एकमेकींपासून लांब लांब तारा बसवल्या. तो टायर पिंजऱ्यासारखा दिसायचा, म्हणून कारखान्यात त्याचं नावच ‘माश्या पकडायचा पिंजरा’ पडलं. प्रयोग होता मोजमापासाठी, पण टायर फारच कमी तापला. मात्र नुसत्या आडव्या तारांनी गाडी सरळ धावत नाही, ट्रेड डावी-उजवीकडे लोळतो. त्यासाठी ट्रेडखाली पोलादी तारांचे जवळजवळ न ताणले जाणारे पट्टे, म्हणजे बेल्ट, लहान कोनात एकमेकांवर आडवेतिडवे बसवले. पोलादी तार कंपनीला नवी नव्हती. १९३७ मध्येच ‘मेटालिक’ नावाच्या ट्रक टायरमध्ये त्यांनी ती वापरली होती.

सगळी गोम इथे आहे. बायसमध्ये एकच रचना दोन कामं करत होती. रेडियलमध्ये ती वाटून दिली: साइडवॉलने वाकायचं, वजन आणि धक्के सोसायचे, बेल्टने ट्रेड रस्त्यावर सपाट आणि स्थिर धरायचा. झीज कमी, उष्णता कमी, वळणावर पकड जास्त, हे सगळं त्या एका वाटणीतून आलं.

पेटंटचा अर्ज ४ जून १९४६ चा. १९४९ मध्ये हा टायर ‘एक्स’ नावाने बाजारात आला, १९५२ मध्ये ट्रकसाठी आला. पुढे १९५९ मध्ये खाणकामाच्या यंत्रांना आणि १९८१ मध्ये विमानांना रेडियल मिळाला. यात एक योगायोगही कामी आला. १९३४ मध्ये सिट्रोएन बुडाली तेव्हा तिचा सगळ्यात मोठा धनको मिशेलिन होता, म्हणून ती मोटार कंपनी मिशेलिनच्या हाती आली. टायर आणि सस्पेन्शन एकमेकांना जुळवून बघायला घरचीच गाडी होती.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात: आंद्रे आणि एदुआर या भावांनी १८८९ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमों-फेराँ इथे कंपनी काढली. तेव्हा हवेचा टायर रिमला चिकटवलेला असायचा, पंक्चर काढायला काही तास आणि गोंद वाळायला अख्खी रात्र. १८९१ मध्ये त्यांनी सायकलचा काढता-घालता येणारा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँने पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत त्यावर जिंकली. १८९५ मध्ये हवेच्या टायरवर मोटार पॅरिस-बोर्दो-पॅरिस धावली. वाटेत पंक्चर पुष्कळ झाली, पण गाडी परत पोचली. पांढरा माणूस १८९८ चा, प्रवाशांसाठीचं गाइड १९०० चं, त्यातले हॉटेलांचे तारे १९२६ पासून. लोकांनी जास्त फिरावं म्हणजे टायर झिजतील, हा गाइडमागचा सरळ हिशेब.

पेटंट_वाचक

वरचं उत्तम, एक दुरुस्ती. ‘शोध मिशेलिनने लावला’ हे पूर्ण बरोबर नाही. दोऱ्या आडव्या ठेवायची कल्पना १९१३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ग्रे आणि स्लोपर यांनी पेटंट केली होती, अमेरिकेत आर्थर सॅव्हेजचीही तशी पेटंटं आहेत. तेव्हा रबराला घट्ट धरणारी पोलादी दोरी नव्हती, म्हणून ती कागदावर राहिली. मिशेलिनचं श्रेय आहे ते पोलादी बेल्टसह ही रचना कारखान्यात रोजच्या रोज, एकसारखी आणि विकाऊ दरात बनवून दाखवण्याचं. माझ्या मते ते कल्पनेपेक्षा मोठं आहे.

मिशेलिनचं पेटंट टाळायला पिरेलीने पन्नासच्या दशकात कापडी बेल्टचा ‘चिंतुरातो’ काढला. म्हणजे युरोपात स्पर्धा लगेच सुरू झाली. मागे राहिली अमेरिका, आणि तिच्या मागून आपण.

बिल्डिंग_ड्रम

वीस-पंचवीस वर्षं का लागली, याचं उत्तर यंत्रांत आहे. कारखान्यात उभं राहिल्याशिवाय हे सहसा कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बायस टायर बनवताना सगळे थर, ट्रेड, साइडवॉल एका सपाट ड्रमवर गुंडाळतात. तयार होतं ते दोन्ही बाजूंनी उघडं पिंप. हा कच्चा टायर प्रेसमध्ये गेला की आतला ब्लॅडर, म्हणजे रबरी फुगा, फुगतो आणि पिंपाचा टायर होतो. फुगताना तिरक्या दोऱ्यांचा कोन आपोआप बदलतो, म्हणून सगळं एकदम ताणलं जाऊ शकतं.

रेडियलला हे चालत नाही. आतला थर फुगेल, पण पोलादी बेल्ट ताणला जाणार नाही. म्हणून दोन टप्पे लागतात. पहिल्या ड्रमवर इनर लायनर (हवा धरणारा आतला थर), बॉडी प्लाय (आडव्या दोऱ्यांचा थर), बीड, साइडवॉल. मग तो सांगाडा फुगवून टायरच्या आकारात आणायचा, आणि त्या आकारावर बेल्ट व ट्रेड बसवायचे. बेल्ट एका बाजूला दोन-तीन मिलिमीटर सरकला तरी टायर गाडी ओढतो किंवा थरथरतो. बायसच्या ड्रमवर ही अचूकता येतच नाही.

मोल्डचीही तीच गत. बायसचा मोल्ड वडापावच्या पावासारखा दोन तुकड्यांत उघडतो. रेडियलचा कच्चा टायर आधीच जवळजवळ पूर्ण व्यासाचा असतो. दोन तुकड्यांचा मोल्ड मिटताना नक्षीचे दात त्याला ओरबाडतात. म्हणून चहूबाजूंनी पाकळ्यांसारखे मिटणारे सेगमेंट मोल्ड लागतात आणि ते महाग असतात. त्यात तार बनवणं, तिच्यावर पितळेचा मुलामा देणं, कोरड्या खोलीत तारेला रबर चढवणं हे वेगळंच. थोडक्यात, बायसचा चालता कारखाना भंगारात काढायचा आणि जास्त टिकणारा, म्हणजे कमी वेळा विकला जाणारा टायर बनवायचा. अमेरिकी कंपन्यांनी हात आखडता घेतला तो यामुळे. गाड्यांची सस्पेन्शनंही बायससाठी बसवलेली होती, आणि कमी वेगात रेडियल कडक लागतो.

घाई केल्यावर काय होतं तेही दिसलं. फायरस्टोनने बायसच्या लाइन वापरून ‘५००’ नावाचा रेडियल काढला, त्यात बेल्ट सुटू लागले आणि १९७८ मध्ये सुमारे १ कोटी ४५ लाख टायर परत बोलवावे लागले. रबर आणि पितळी मुलाम्याची तार यांची पकड कमी पडली, त्यात ओल शिरली की ती आणखी ढासळायची. व्हल्कनायझेशनच्या, म्हणजे रबर तापवून पक्कं करण्याच्या वेळी रबरातलं गंधक पितळेतल्या तांब्याशी संयोग पावतं आणि त्या अतिपातळ थरावर तार रबराला धरून राहते. तो थर कमी झाला तरी पकड नाही, जास्त झाला तरी नाही. पाणी त्याचा शत्रू.

भारतात रेडियल १९७७ मध्ये जेके टायरने आणला. आपल्या भांडुपच्या सिएटचं मूळ इटलीतल्या तोरिनोचं (१९२४). मुंबईत ती १९५८ मध्ये आली, तेव्हा इथे सगळा जमाना बायसचाच. कारमध्ये रेडियल बऱ्यापैकी लवकर रुळला. ट्रकमध्ये उशीर झाला, कारण ओव्हरलोड. बायसची जाड साइडवॉल जादा माल आणि दगडांचे काप सोसते, वर रस्त्याकडेच्या दुकानात तिची दुरुस्तीही होते. पोलादी रेडियलच्या साइडवॉलमध्ये तारेचा एकच थर असतो. तो जादा मालाखाली रोज मर्यादेबाहेर वाकला की तारा थकून तुटतात.

मुलुंड_चेकनाका

सगळ्यांचे मनापासून आभार, हे एका जागी कुठेच वाचलं नव्हतं. तारेला पाण्याचा त्रास होतो हे वाचून एक शंका: पंक्चरवाले बाहेरूनच चिकट स्ट्रिप खुपसतात, पाच मिनिटांत काम होतं. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी बेल्टपर्यंत जात नाही का? आणि साइडवॉलचं पंक्चर काढून देणारेही भेटतात. ते चालतं का?

पॅच_आणि_रोलर

शंका अगदी रास्त आहे, आणि उत्तर ‘जातं’ असं आहे.

ट्यूबलेस टायरमध्ये हवा धरून ठेवतो तो आतला इनर लायनर, ब्युटिल जातीच्या रबराचा पातळ थर. खिळा शिरला की ट्रेड, नायलॉनचा कॅप असला तर तो, पोलादी बेल्ट, बॉडी प्लाय आणि लायनर, इतक्यांना भोक पडतं. बाहेरून घातलेली स्ट्रिप भोकात दाबून बसते आणि हवा थांबवते. पण लायनरवर ठिगळ बसत नाही. स्ट्रिपच्या कडेने हवा हळूहळू बेल्टच्या थरांत झिरपते आणि बाहेरून पाणी येतं. तुटलेल्या तारांची टोकं उघडी पडलेली असतात, गंज तिथून सुरू होऊन तारेच्या लांबीने आत सरकतो. काही महिन्यांनी ट्रेडवर हाताला उंचवटा लागतो. तो बेल्ट सुटल्याचा. हायवेवर अडकलात तर स्ट्रिप मारून घरी या, पण नंतर टायर उतरवून आतून काम करून घ्या.

आतलं काम असं असावं. भोक ट्रेडच्या मधल्या भागात हवं, खांद्याजवळ (ट्रेड आणि साइडवॉल मिळतात तिथे) नको, आणि कारच्या टायरला ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. टायर उतरवल्यावर आतल्या बाजूला भोकाच्या आसपास काळी भुकटी किंवा साइडवॉलवर गोल घासल्याची रेघ दिसते का ते आधी बघायचं. दिसली तर टायर हवेविना चालवला गेलाय, दुरुस्तीत अर्थ नाही. मग भोकातून कार्बाइड कटर फिरवून तुटक्या तारा आणि गंज साफ करायचा, लायनर पॅचपेक्षा थोडा मोठा गोल घासून खरखरीत करायचा, भुकटी ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढायची. फुंकून नाही, तोंडाच्या हवेत ओल असते. सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा आणि बोट लावल्यावर चिकट लागेल, ओलं लागणार नाही इतकं वाळू द्यायचं. बहुतेक पॅच सुटतात ते इथे घाई झाल्यामुळे: ओल्या सोल्यूशनमधला द्राव पॅचखाली अडकतो आणि गरम झाल्यावर फुगा धरतो. मग मशरूम पॅचचा (अळंबीसारखा, टोपी आणि दांडा असलेला) दांडा आतून बाहेर ओढायचा, टोपी मध्यापासून कडेकडे रोलरने दाबायची, बाहेर आलेला दांडा ट्रेडच्या वर थोडा ठेवून कापायचा. दांडा पाणी अडवतो, टोपी हवा अडवते. दोन्ही लागतात.

साइडवॉलचं पंक्चर कारच्या रेडियलला काढायचं नाही. काढून देणारा कितीही खात्री देवो. वर ‘जुनी_चाकं’ यांनी लिहिलंय तेच कारण: वाकण्याचं सगळं काम साइडवॉलकडे दिलेलं आहे. तिथला पॅच प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि त्याखाली हवेचा दाब तोलणाऱ्या दोऱ्या तुटलेल्या असतात.

खड्ड्याच्या माराचंही तसंच. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटलं की साइडवॉल रिम आणि कडेमध्ये चिमटते, आतल्या दोन-चार दोऱ्या तुटतात आणि दुसऱ्या दिवशी लिंबाएवढा फुगा दिसतो. फुगा दिसला की टायर बदला. पण साइडवॉलवर आत दबलेली उभी रेघ दिसली तर घाबरू नका, ती बॉडी प्लायची जोड असते. तिथे दोऱ्या दुहेरी असल्याने टायर कमी फुगतो. वर्कशॉपमध्ये या रेघेवरून नवे टायर गळ्यात मारतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सिलिका_मिक्सर

‘ग्रीन टायर’चं राहिलंच. रंग काळाच असतो. मिशेलिनने १९९२ मध्ये तो आणला आणि रेडियलनंतरचा मोठा बदल मी यालाच मानतो. रेडियलने टायरचा सांगाडा बदलला, याने ट्रेडचं रबर बदललं.

टायर लोळताना रबर दबतं-सुटतं आणि त्यात इंधन वाया जातं. ते कमी करायचं तर रबर कमी ‘आळशी’ हवं. पण ओल्या रस्त्यावर पकड हवी तर रबराने ऊर्जा शोषायला हवी. दोन्ही मागण्या एकमेकींच्या विरुद्ध दिसतात. सुटका अशी की त्या वेगळ्या वेगाने घडतात. लोळताना रबर सेकंदाला मोजक्या वेळा दबतं, ब्रेक मारताना डांबराच्या खडीवर ते हजारो-लाखो वेळा थरथरतं. लॅबमध्ये पहिल्याचा अंदाज ६० अंश सेल्सियसला घेतात, दुसऱ्याचा ० अंशाच्या आसपास. ६० ला कमी नुकसान, ० ला जास्त, असं रबर हवं. नुसत्या कार्बन ब्लॅकने, म्हणजे रबरात घालतात त्या काजळीने, ते साधत नाही. सिलिकाने, म्हणजे वाळूच्याच जातीच्या बारीक भुकटीने साधतं.

अडचण ही की सिलिकाला पाणी प्रिय आणि रबराला तेल. दोघं एकत्र नांदत नाहीत, सिलिकाचे गोळे राहतात. मध्ये सिलेन नावाचं रसायन घालावं लागतं, त्याचं एक टोक सिलिकाला धरतं, दुसरं रबराला. प्रमाण सिलिकाच्या वजनाच्या साधारण ८ टक्के. म्हणजे १०० भाग रबरात ८० भाग सिलिका असेल तर सिलेन साडेसहा भागांच्या आसपास. मिक्सरमध्ये तापमान १४० ते १५५ अंशांत काही मिनिटं स्थिर धरावं लागतं. खाली राहिलं तर सिलेन अर्धवट जोडलं जातं आणि मिश्रणाचा गठ्ठा पडून राहिला की कडक होत जातो. १६० च्या वर गेलं तर सिलेनमधलं गंधक सुटून रबर मिक्सरमध्येच पिकायला लागतं. या क्रियेत अल्कोहोलची वाफ निघते, ती ओढून घ्यावी लागते. कार्बन ब्लॅकच्या मिक्सिंगपेक्षा वेळ आणि वीज दोन्ही जास्त.

आणखी एक गोष्ट जवळून बघा. सिलिकाचा ट्रेड वीज वाहून नेत नाही, गाडीत स्थिर वीज साठते. म्हणून ट्रेडच्या मधून कार्बन ब्लॅकच्या रबराची एक बारीक पट्टी जमिनीपर्यंत आणलेली असते. नव्या टायरवर उजेडात पाहिलं तर परिघाभोवती ती रेघ कधी कधी ओळखता येते.

मुंबईच्या पावसासाठी म्हणून सांगतो: दोन टायरांत निवड असेल तर सिलिका ट्रेडचा घ्या. झीज थोडी जास्त असली तरी ईस्टर्न एक्सप्रेसवर पहिल्या पावसात, तेल आणि धूळ वर येते तेव्हा, ब्रेकचं अंतर हीच महत्त्वाची गोष्ट.

जुनी_चाकं

आता तुमच्या मापाबद्दल. १६५/८० आर १४ च्या पुढे बहुधा ‘८५ टी’ असेल. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. यापेक्षा खालचा आकडा घेऊ नका. दिसायला छान म्हणून १८ इंची रिम आणि पातळ साइडवॉल तर मुळीच नको. ८० ची (म्हणजे टायरच्या रुंदीच्या ८० टक्के) उंच साइडवॉल तुमच्या रस्त्यावर फायद्याची आहे, खड्ड्यात रिम आणि दोऱ्या दोन्ही वाचतात.

साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे बघा: ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायर जवळपासच्या तारखेचे मागा. हवा दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर गार असताना. रेडियल खाली थोडा फुगलेला दिसतोच, डोळ्यांनी हवा ठरवू नका. गरम टायरमध्ये आकडा तीन-चार पीएसआय वाढलेला असतो, म्हणून पंपावर हवा सोडायची नाही. कमी हवेने साइडवॉल जास्त वाकते आणि पाण्यावर टायर लवकर तरंगतो.

नक्षीच्या खाचांत १.६ मिलिमीटरच्या गाठी असतात, ट्रेड त्यांना टेकला की टायर संपला. मिशेलिनच्या टायरवर खांद्याजवळचा छोटा पांढरा माणूस, म्हणजे अर्थात काळ्या रबरातलाच, त्या गाठींची जागा दाखवतो. जून उजाडताना ३ मिलिमीटरच्या खाली असाल तर पावसाळ्यासाठी थांबू नका.

मुलुंड_चेकनाका

सध्या दोनच बदलायचे ठरवले तर पुढे घालू ना? गाडी पुढच्या चाकांवर चालते.

पॅच_आणि_रोलर

नाही, मागे. गाडी ओढणारी पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग हलकं लागतं, ॲक्सिलरेटर सोडला की पकड परत येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि पाण्यात ती आवरायला वेळच मिळत नाही. बरे असलेले जुने पुढे घ्या, नवे मागे बसवा. त्याच वेळी दोन्ही नव्या टायरांचे व्हॉल्व्हही बदलून घ्या, रबर जुनं झालं की हवा तिथून जाते आणि दोष टायरला लागतो. बॅलन्सिंग चारही चाकांचं, आणि अलाइनमेंट नवे टायर बसवल्यावर, आधी नाही.